ऑक्टोपसची हुशारी आणि आपल्या गळ्यातले मोती



मागच्या आठवड्यात दुपारचा स्वाध्याय संपल्यावर आम्ही सगळ्या जरा बसलो होतो. एका भाभींनी मोबाइल पुढे केला. कोरियातल्या हॉटेलातला व्हिडिओ होता. ताटलीत ऑक्टोपसचे नुकतेच कापलेले तुकडे वळवळत होते आणि समोरचा माणूस ते काड्यांनी उचलून तोंडात घालत होता. आम्ही "शी शी" करत माना फिरवल्या. भाभी म्हणाल्या, "आणि किती हुशार प्राणी आहे म्हणे तो! बरणीचं झाकण उघडतो!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. पण संध्याकाळी चौविहाराच्या घाईत पोळ्या लाटताना तो 'हुशार' शब्द मला टोचायला लागला. हुशार नसता तर चाललं असतं का?

आपलं गोंदिया समुद्रापासून किती लांब! विदर्भ एक्स्प्रेसने मुंबई गाठायची तर साडेनऊशे किलोमीटरच्या वर. इथे ऑक्टोपस कोणी पाहिलेला नाही. कोकणातले लोक खातात ती माकूल वेगळी, ती त्याची जवळची नातलग. ऑक्टोपस आपल्या किनाऱ्यावर मुख्यतः ट्रॉलरच्या जाळ्यात इतर मासळीबरोबर सापडतो आणि बराचसा बर्फात घालून परदेशी पाठवला जातो. स्पेन, इटली, जपान, कोरिया इथे त्याला मोठी मागणी.

प्राणी विलक्षण आहे, यात शंका नाही. आठ बाहू, तीन हृदयं, निळसर रक्त. सुमारे ५० कोटी मज्जापेशी, आणि त्यातल्या दोन तृतीयांश बाहूंमध्ये. बाहूंवरच्या चूषकांनी तो स्पर्शही करतो आणि चवही घेतो. डोळे उत्तम, वास कळतो, पाण्यातला खालच्या पट्टीतला आवाज जाणवतो. पाठशाळेतल्या मुलांनी विचारलं तर मी सांगेन, पाचही इंद्रियांच्या खुणा याच्यात दिसतात. मादी अंडी घातल्यावर ती उबेपर्यंत राखण करते, खाणं जवळजवळ सोडते आणि पिल्लं बाहेर पडली की मरते.

२०२० साली 'माय ऑक्टोपस टीचर' हा माहितीपट आला, पुढच्या वर्षी त्याला ऑस्कर मिळालं. जगभरातले लोक रडले आणि पुष्कळांनी ऑक्टोपस खाणं सोडलं. स्पेनमधल्या एका कंपनीने कॅनरी बेटांवर वर्षाला ३ हजार टन ऑक्टोपस पिकवण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा मोठा विरोध झाला. एकटा राहणारा हा जीव टाक्यांत दाटीवाटीने ठेवायचा, त्याच्या वजनाच्या दुपटी-तिपटीने दुसरी मासळी मारून त्याला खाऊ घालायची आणि शेवटी बर्फगार पाण्यात सोडून मारायचा, असा तो बेत. अमेरिकेत वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी २०२४ मध्ये अशा शेतीवर बंदी घातली. फार चांगलं झालं. मी मनापासून अनुमोदना करते.

पण कारण काय सांगितलं जातं? तो कोडी सोडवतो, माणसं ओळखतो, टाकीतून निसटतो, म्हणून त्याला मारू नका. म्हणजे दया ही आता बोर्डाच्या परीक्षेसारखी झाली. ज्याला गुण जास्त, तो वाचणार. नवेगावबांधची मासोळी बरणी उघडत नाही, मग टोपलीत तिचं तडफडणं कमी तडफडणं आहे का? जाळ्यात ऑक्टोपसच्या शेजारी अडकलेल्या कोळंबीवर कोणी सिनेमा काढला नाही, म्हणून ती दगड झाली का?

इंग्लंडमध्ये २०२२ साली प्राण्यांच्या संवेदनेचा कायदा झाला. त्याआधी अभ्यासकांनी विचारलेला प्रश्न मला योग्य वाटतो. हा जीव हुशार आहे का, असं त्यांनी विचारलं नाही. याला वेदना होतात का, असं विचारलं. म्हणून ऑक्टोपसबरोबर खेकडे आणि कोळंबीही त्या कायद्यात आली. आपल्या देशाच्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात तर प्राणी म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव, इतकी सरळ व्याख्या आहे. खाण्यासाठी मारायला त्यात सूट आहे, हे खरं. पण व्याख्या करताना कोणाची अक्कल मोजलेली नाही.

इथे कोणी म्हणेल, "ताई, आपणही जीवांची उतरंड मानतोच की! एकेंद्रिय, बेइंद्रिय, असं पंचेंद्रियापर्यंत." मानतो. पंचेंद्रियाच्या हिंसेचा दोष मोठा, हेही मानतो. पण ती उतरंड कशासाठी आहे? जगताना थोडी हिंसा टळत नाही, तर निदान ती कमीत कमी व्हावी, यासाठी. खालच्या पायरीवरचा जीव फुकट घ्या, असा परवाना त्यात कुठे आहे? इरियावहियं म्हणताना आपण पायाखाली आलेल्या अगदी लहान जीवाचीही क्षमा मागतो. त्याची हुशारी तपासून मागत नाही.

आणि आता माझ्यावरच येते. त्या दुपारी व्हिडिओ पाहून "शी" करणाऱ्या आमच्यापैकी निदान चौघींच्या अंगावर मोती होते. माझ्या गळ्यात सासूबाईंनी दिलेला, हैदराबादहून आणलेला दोन पदरी सर होता.

ऑक्टोपस मृदुकाय प्राणी आहे. शंख आणि शिंपला त्याच्याच कुळातले. शिंपला बेइंद्रिय, हे आपल्या पाठशाळेतली सात वर्षांची मुलगीही सांगते. मोत्यासाठी काय करतात? एका शिंपल्याला मारून त्याच्या आतल्या पडद्याचे बारीक तुकडे काढतात. दुसऱ्या जिवंत शिंपल्याला फाकवून, चीर देऊन, तो तुकडा आणि मणी आत बसवतात. काही त्यातच मरतात. उरलेले वर्ष-दीड वर्ष पाण्यात टांगून ठेवतात, आणि मोती काढताना बहुतेक वेळा शिंपला मरतोच. हे फक्त जपानात होतं असं समजू नका. आपल्या विदर्भातही तळ्यात मोती पिकवणारे शेतकरी आहेत. त्यांना मी बोल लावत नाही. मासळीबाजारात बसणाऱ्या बाईलाही लावत नाही, ती घर चालवते. आपल्याला मोती न घालता उपाशी राहावं लागत नाही, म्हणून मी आपल्याला बोलते.

माझ्या मुलीचं लग्न मार्गशीर्षात आहे. मी घरात सांगितलं, मोत्याचा सेट घ्यायचा नाही आणि सासूबाईंचा सरही मी तिला देणार नाही. नणंदबाई चिडल्या. "शिंपल्याला काय कळतं? त्याला तर मेंदूसुद्धा नाही," म्हणाल्या. मी म्हटलं, "ताई, कोरियातला तो माणूसही असंच काहीतरी म्हणत असेल." त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. यजमान म्हणाले, आईची आठवण आहे, निदान ती तरी राहू दे. आठवण आहेच. म्हणून विकलाही नाही. विकला तर दुसरीच्या गळ्यात जाईल आणि माझ्या हातात पैसे येतील, त्यात त्याग कसला? डबीत ठेवून कपाटात वर ठेवला आहे. मुलीने मात्र एका शब्दाने विरोध केला नाही. सोन्याच्या मण्यांची नथ करू, म्हणाली.

तेव्हा बहिणींनो, व्हिडिओ पुढे पाठवायच्या आधी आपापली दागिन्यांची डबी एकदा उघडा. आपण ऑक्टोपस कधीच खाणार नव्हतो, तो न खाण्यात आपलं काही जात नाही. मोती सोडताना जातं. मला गेल्यासारखं वाटलं, अजूनही वाटतं.

कोणाचं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्. आणि त्या सरातल्या एकेका मोत्यामागच्या जीवालाही.