ओरिजिनलचे सोवळे

हे टिपण मागच्या पंधरवड्यात रागाच्या भरात लिहायला घेतले होते. मग सौ. म्हणाली, "चार दिवस तसंच ठेवा, राग गेला की लिहा." चार दिवसांचे दहा झाले. राग काही गेला नाही, म्हणून आता लिहूनच टाकतो.

झाले असे, की माझा पुतण्या पुण्याहून आला होता. (तो हे वाचणार आहे. वाचू दे.) नवी कोरी फोर बाय फोर गाडी घेऊन आला होता, आमच्या वस्तीच्या काळ्या रानात ती चालते का हे बघायला. चालली, छान चालली. जेवताना माझ्या जुन्या डिझेल जीपचा विषय निघाला. तिला तीन वर्षांपूर्वी कंपनीचा पंप न बसवता बाहेरचा, निम्म्याहूनही कमी किमतीचा विजेवरचा पंप बसवला आहे, हे मी सहज बोलून गेलो. त्यावर तो म्हणाला, "काका, असल्या गोष्टीत कंजुषी करायची नसते. महागडं एकदाच रडवतं, स्वस्त रोज रडवतं." आणि टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. नातवानेसुद्धा.

तेहतीस वर्षे शाळेत शिकवल्यामुळे एक खोड लागली आहे. कुणी सुविचार फेकला की तो फळ्यावर लिहून तपासावासा वाटतो.

ज्यांना गाड्यांतले काही कळत नाही त्यांच्यासाठी, म्हणजे तीन वर्षांपूर्वीच्या माझ्यासारख्यांसाठी, थोडे सांगतो. जुन्या डिझेल जीपमध्ये पंप दोन असतात. एक हमाल, दुसरा सोनार. हमाल म्हणजे फीड पंप. टाकीतले डिझेल ओढायचे, फिल्टरमधून पुढे ढकलायचे, एवढेच त्याचे काम. माझ्या जीपला तो रबरी पडद्याचा होता, इंजिनच्या अंगाला बसवलेला. आतला कॅम फिरला की त्याचा दांडा वरखाली व्हायचा. टायरमध्ये आपण तीसेक पौंड हवा भरतो. या पंपाचे काम चार-सहा पौंडांत भागते. सोनार म्हणजे इंजेक्शन पंप. तो मोजून, वेळ साधून, एकेका नोझलला डिझेल देतो, आणि तेही हवेच्या दाबाच्या शंभराहून अधिक पट दाबाने. त्याच्या आतला दट्ट्या आणि नळकांडे यांच्यात फट असते ती मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजायची. माणसाचा केस तिच्यापुढे वासा वाटेल. शिवाय त्याला वंगण वेगळे नाही, डिझेल हेच त्याचे वंगण. म्हणून डिझेलमधले पाणी आणि कचरा त्याला विषासारखे.

बोलताना मात्र आपण दोघांनाही 'पंप' म्हणतो. निम्मे भांडण तिथेच सुरू होते.

आता माझी हकीकत. त्या वर्षी सौ.ला बार्शीला रेडिएशन चालू होते. शनिवार-रविवार सोडून रोज, पाच आठवडे. दिवस पावसाळ्याचे. वस्तीपासून डांबरी रस्त्यापर्यंत काळी माती, तिला पाणी लागले की चालणाऱ्याच्या चपलेला शेर-शेर चिखल. मोटरसायकल निघत नाही, भाड्याची गाडी आत यायला तयार नसते. जीपचे चारही चाकांचे गिअर टाकायचे, छोट्या गिअरमध्ये हळूहळू रस्त्याला लागायचे, मग कुर्डुवाडीवरून बार्शी. त्या पाच आठवड्यांत ती जीप म्हणजे आमच्यासाठी औषधाचाच एक भाग होती.

आणि नेमके तेव्हाच तिला चढावर झटके यायला लागले. माझा एक जुना विद्यार्थी मिस्त्री आहे. दहावीला गणितात दोनदा राहिला होता. त्याने बॉनेट उघडून आधी पंपाकडे बघितलेच नाही. ऑइलची पट्टी काढली, बोटाला लावून वास घेतला. "सर, ऑइल वाढलंय बघा. डिझेल उतरतंय आत." पडदा फाटला की डिझेल पुढे जायचे ते थोडे इंजिन ऑइलमध्ये गळते. ऑइल पातळ होते आणि पट्टीवर मात्र वाढलेले दिसते. भरपूर ऑइल आहे म्हणून माणूस निर्धास्त राहतो आणि बेअरिंगे झिजत जातात. जुना पंप वीसेक वर्षे चालला होता. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही.

मी त्या वेळी पुतण्याच्याच मताचा होतो. मिस्त्री म्हणाला, "सर, छोटा इलेक्ट्रिकचा टाकू का?" मी म्हणालो, "नको, सौ.चा प्रश्न आहे, ओरिजिनलच पाहिजे." मोठ्या गावातल्या एका दुकानातून पूर्ण किमतीला पंप आणला. खोका कंपनीचा, चकचकीत चिकटपट्टी, पार्ट नंबर, सगळे शिस्तीत.

अकरा दिवस चालला. बाराव्या दिवशी बार्शीहून परत येताना, कुर्डुवाडी सोडल्यावर, संध्याकाळी, पावसात गाडी बंद. मागच्या सीटवर सौ. आडवी पडलेली. त्या दिवसांत तिला पाण्याचा घोटही गिळवत नव्हता. मी हाताने पंप मारून मारून एअर काढायचा प्रयत्न केला. फेस यायचा, दोनशे फूट गाडी जायची, परत बंद. शेवटी फोन केला. तो मोटरसायकलवर आला तेव्हा अंधार पडला होता. बॅटरीच्या उजेडात त्याने पंप उघडला. आतले रबर फुगून भाकरीच्या पापुद्र्यासारखे झाले होते. "सर, हे ओरिजिनल न्हाय. खोका तेवढा ओरिजिनल."

मग त्याने जे केले ते मी आयुष्यभर विसरणार नाही. पाच लिटरचा कॅन डिझेलने भरून टपावरच्या कॅरिअरला बांधला, त्यातून एक नळी खाली आणली आणि पंप वगळून थेट फिल्टरला जोडली. एअर काढली. गाडी चालू झाली. पंप नाही, कंपनी नाही, खोका नाही. डिझेल उंचावरून खाली येते या एका नियमावर आम्ही घरी पोचलो. हमालाचे काम दोन हात उंचीने केले.

(हे कोणी रोजचे म्हणून करू नका. उघड्या कॅनमधले डिझेल तापलेल्या इंजिनावर सांडले तर काय होईल हे सांगायला नको. ती अडचणीची वेळ होती.)

दुसऱ्या दिवशी त्याने विजेवरचा छोटा पंप बसवला. कसा बसवला हे सांगणे भाग आहे, कारण 'स्वस्तातले' म्हणणाऱ्यांना वाटते की तारेने काहीतरी गुंडाळले असणार. पंप टाकीजवळ, खाली बसवला, कारण असा पंप ओढण्यापेक्षा ढकलतो बरा. त्याच्या आधी एक जाळीचा फिल्टर. दाब जुन्या पंपाइतकाच, कमी पौंडांचा. पेट्रोलच्या इंजेक्शनवाल्या गाडीच्या टाकीतला पंप मिळत होता, तोही जुनाच आणि आणखी स्वस्त. पण तो चाळीसेक पौंडांचा असतो, पुढची सीले उखडून टाकेल, म्हणून त्याने हातही लावला नाही. इंजिनच्या अंगावरच्या जुन्या पंपाची जागा पत्रा आणि पॅकिंग टाकून बंद केली. तारेत फ्यूज घातला. आणि एक वेगळा खटका बसवला. जुना पंप इंजिन थांबले की आपोआप थांबायचा, हा विजेवरचा चावी चालू असेपर्यंत ढकलतच राहतो. उद्या धडक होऊन नळी तुटली तर डिझेल रस्त्यावर ओतत बसेल. हा त्याचा दोष आहे. मिस्त्रीने तो आधी सांगितला, मग पैसे सांगितले. दुकानदाराने खोक्यावरचे सगळे सांगितले होते, आतले काही सांगितले नव्हते.

आता पुतण्याच्या सुविचाराकडे येतो. त्याच्या गाडीपुरते त्याचे म्हणणे खरे आहे, आणि हे मी त्याला जेवतानाच सांगितले असते, पण माना डोलावून झाल्या होत्या. त्याची गाडी कॉमन रेलची. असल्या गाड्यांत डिझेलचा दाब हवेच्या दाबाच्या हजार-सोळाशे पट जातो. तो दाब तयार करणारा पंप झिजला तर धातूचा बारीक चुरा सगळ्या रेलमध्ये पसरतो आणि एकेक इंजेक्टर खलास करतो. मग नुसता पंप बदलून भागत नाही. तिथे जो कोणी बाजारातला बिननावाचा पंप टाकेल त्याला मी स्वतः ओरडेन. पण सोनाराचा नियम हमालाला लावायचा, आणि जो लावत नाही त्याला कंजूष म्हणायचे, हे कुठले शास्त्र?

आणि 'ओरिजिनल' म्हणजे तरी काय? मोटार कंपन्या गाडीतले सगळे भाग स्वतः बनवत नाहीत. पंप बनवणारा वेगळा, फिल्टर बनवणारा वेगळा. तोच भाग कंपनीच्या खोक्यात गेला की एका भावाने, बनवणाऱ्याच्या स्वतःच्या खोक्यात मिळाला तर दुसऱ्या. मिळाला तर! भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून दोन हजार पाचशे चव्वेचाळीस कोटींहून अधिक दंड सुनावला होता तो याच कारणासाठी. सुटे भाग आणि दोष शोधायची यंत्रे खुल्या बाजारात येऊ देत नाहीत, भाग बनवणाऱ्यांना परस्पर विकू देत नाहीत, बाहेरच्या मिस्त्रीची अडवणूक करतात, असा ठपका होता. कंपन्या अपिलात गेल्या, कज्जे लांबले, तो वेगळा अध्याय. पण तक्रार एका व्यक्तीने केली होती आणि ती आयोगाला खरी वाटली, एवढे तरी लक्षात ठेवा. पुढे २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने 'दुरुस्तीचा हक्क' म्हणून समिती नेमली, डिसेंबरमध्ये त्याचे संकेतस्थळही काढले. म्हणजे माझ्या मिस्त्रीच्या बाजूने सरकारी कागदसुद्धा आहे. त्याला हे सांगितले तर हसला. "मग सर, कुर्डुवाडीला पार्ट कधी यायला लागणार?"

माझी खरी चीड या सोवळ्याची आहे. 'ओरिजिनल' शब्द उच्चारला की विचार करायची जबाबदारी संपते. आणि नकली माल विकणारा नेमका याच आंधळ्या श्रद्धेवर जगतो. लोक वस्तू बघत नाहीत, खोका बघतात. मग तो खोका छापतो. बिननावाच्या पंपाची नक्कल कशाला कोण करील? मला ज्याने भर पावसात रस्त्यावर उभे केले तो स्वस्त पंप नव्हता. तो महाग होता.

आमच्या केमच्या माणसाला तर हे सांगायला लागू नये. आमचे गाव कुंकवाचे. हळदीला चुन्यासारखा क्षार लागला की ती लाल होते, हे वर्गात मी हळदीच्या कागदावर साबणाचे पाणी टाकून दाखवायचो, आणि मागच्या बाकावरची पोरे कंटाळून बघायची, कारण त्यांना ते घरीच माहीत असायचे. हळदीचे कुंकू महाग. पिठाच्या भुकटीला रंग देऊन केलेले स्वस्त. दोन्ही विकले जाते. उंबऱ्याला, तोरणाला, मूठभर उधळायला स्वस्त घ्या, काही बिघडत नाही. रोज कपाळाला लावायचे तर हळदीचे घ्या, कारण रंगाने कातडीला खाज सुटते, चट्टे पडतात. गावातल्या कुठल्याही म्हातारीला विचारा, ती आधी विचारेल, "कशाला पाहिजे?" किंमत नंतर. पाप असेलच तर ते रंगाचे कुंकू 'हळदीचे' म्हणून विकण्यात आहे, रंगाच्या कुंकवात नाही.

दुसऱ्या बाजूचे लोकही मला आवडत नाहीत, हेही सांगून टाकतो. जुगाडाचे कौतुक करणारे. वडापची जीप, आत पंधरा माणसे, ब्रेकची नळी सायकलच्या ट्यूबने बांधलेली, आणि वर अभिमान, "आमच्याकडं सगळं चालतं." चालत नाही, थांबत नाही म्हणून चालल्यासारखे वाटते! ब्रेक, स्टिअरिंग आणि तो सोनार, यांच्यात मी पैसे बघत नाही. त्याच वर्षी इंजेक्शन पंप उतरवून सोलापूरला कॅलिब्रेशनला पाठवला होता, त्याचे बिल हमालाच्या चौपट आले. पुतण्याला ते कोणी सांगितले नाही, कारण त्यात गंमत नाही.

असो. सौ.चे पाच आठवडे त्या जीपमध्ये पूर्ण झाले. एक दिवसही खाडा पडला नाही, तो बाराव्या दिवसाचा उशीर सोडून. ती आता बरी आहे, सहा महिन्यांतून एकदा दाखवायला जातो. पंपाला तीन वर्षे झाली. जाळीचा फिल्टर दोनदा बदलला, साठ-सत्तर रुपयांचा येतो.

पुतण्या, तू जाताना वस्तीच्या वळणावर गाडी थांबवून काचेतून विचारलेस, "काका, तुमचा तो पंप चालू असल्याचं कळतं कसं?" मी तेव्हा उत्तर दिले नाही, रागात होतो. चावी फिरवली की मागून टिकटिक आवाज येतो. डिझेल भरले की टिकटिक मंद होते, मग सेल्फ मारायचा. तुझी काकू अजूनही ती टिकटिक ऐकू आल्याशिवाय दार ओढून घेत नाही.