संसारातील आनंदाचा हिशेब

महिनाअखेरीस हुडकेश्वरच्या एखाद्या घरात प्लॉटचा हप्ता, किराणा आणि मुलांची फी यांचा मेळ बसत नाही, तेव्हा श्रद्धेतून लाभणाऱ्या आनंदाची भाषा शिक्षकाला वा कारकुनाला पोकळ वाटते. वाटावीच, समाधानाचा उपदेश बहुधा पोट भरलेला मनुष्यच करतो, आणि महागाई भत्त्याची जागा तो घेऊ शकत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट मात्र निराळी. काही काळ नागपुरात नोकरी केलेले त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक, १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. सोवळ्यात वाढलेल्या लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये. टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे, घरात अनाथ मुलांची भर पडे, आणि चूल सांभाळावी लागे ती लक्ष्मीबाईंना. १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त या ओढाताणीची तक्रार आहे, पतीशी झालेली भांडणे आहेत (ती त्यांनी झाकली नाहीत, हे विशेष), आणि स्वतःवरचे मनमोकळे हसूही आहे. दारिद्र्याला त्यांनी कधी पुण्य मानले नाही. त्यांना आनंद गवसला तो स्वयंपाकघरातच: देवाने माणसे निर्माण केली, जाती नव्हेत, हे पटल्यावर कोणाच्याही हातचे पाणी पिण्याचा त्यांचा संकोच गळून पडला, आणि तोही बाप्तिस्म्याच्या आधीच.