विकतचे भय आणि मावळची वेस

ऑक्टोबर उजाडला की शहरी तरुणाईत एका नव्या व्रताचा आरंभ होतो. एकतीस दिवसांत एकतीस भयपट पाहायचे, प्रत्येकाला गुण द्यायचे, दोन ओळींचे परीक्षण लिहायचे आणि महिनाअखेर कोणाचा आकडा पुरा झाला ते जाहीर करायचे, असे त्याचे स्वरूप. अमेरिकेत हॅलोविनच्या निमित्ताने रूढ झालेली ही चढाओढ आता पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित घरांत पोहोचली आहे. शनिवार-रविवारी लोणावळ्यात बंगला भाड्याने घ्यायचा, दिवे मालवायचे आणि पहाटेपर्यंत लागोपाठ तीन-चार चित्रपट उरकायचे, हा तिचा मराठी अवतार. 'उरकायचे' हाच शब्द येथे योग्य. पाहायला उसंत लागते.

भयपट म्हटला की नाक मुरडणारा एक वर्ग आहे. त्याचे म्हणणे येथे मांडायचे नाही. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात भयानकाला रसाचे स्थान दिले, आणि विशेष म्हणजे बीभत्स हा त्याहून वेगळा रस मानला. पडद्यावर आतडी काढून दाखवली की भय निर्माण झाले, असे समजणाऱ्या आजच्या दिग्दर्शकांना हा भेद कोणीतरी समजावून सांगायला हवा. एकतीस परीक्षणे लिहिणाऱ्यांपैकी किती जण हा प्रश्न विचारतात? त्यांची कसोटी एकच असते : किती वेळा दचकलो.

या कसोटीवर मराठी मातीतली चांगली कामे मार खातात. २०१७ साली आलेला 'लपाछपी' घ्या. उसाच्या फडात अडकलेली गर्भवती स्त्री आणि तिच्याभोवती खेळणारी मुले यांतून विशाल फुरिया यांनी जे दाखवले, ते भूत नव्हे. जन्मापूर्वी आणि जन्मताच मारल्या गेलेल्या मुलींचा हिशेब होता. तो अंगावर येतो, कारण तो खरा आहे. १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झालेला राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' हे त्याहून मोठे काम. पावसात कुजणारा वाडा, तीन पिढ्यांचा हव्यास आणि पुरे म्हणता न येणारा माणूस! २०२४ च्या सप्टेंबरात तो पुन्हा चित्रपटगृहांत आला, तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा अधिक गर्दी झाली.

मात्र 'तुंबाड'च्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. त्यातील हस्तर हा देव कोणत्याही पुराणात नाही. अँब्रोज बिअर्स आणि लव्हक्राफ्ट या अमेरिकी लेखकांच्या कथांत मात्र त्याच्याशी मिळतेजुळते नाव आढळते. कल्पनेचे स्वातंत्र्य कलावंताला आहेच. पण घरात पुराण वाचलेच न गेलेली मुले हस्तरची कथा खरी पौराणिक समजून एकमेकांना सांगतात, तेव्हा दोष दिग्दर्शकाचा कमी आणि घराचा अधिक. या चित्रपटामागे ज्यांच्या कथेची प्रेरणा सांगितली जाते, त्या नारायण धारपांनीही पाश्चात्त्य भयकथेकडून पुष्कळ घेतले. तरीही त्यांच्या 'समर्थ' कथांत दुष्ट शक्तीसमोर साधनेने बळ मिळवलेला पुरुष उभा राहतो. वाचक घाबरे, पण निराधार होत नसे.

आता मावळाकडे पाहा. रामसे बंधूंचा 'दो गज जमीन के नीचे' १९७२ मध्ये आला, आणि तेव्हापासून हिंदी भयपटाने सह्याद्रीला धुके, घाट आणि ओसाड बंगला एवढ्यावर आणून ठेवले. गावकरी म्हणजे कंदील धरलेला गूढ चौकीदार. कपाळाला मळवट भरलेला माणूस दिसला की तो मांत्रिक, आणि मांत्रिक म्हणजे खलनायक. भाजे-कार्ल्याची दोन हजार वर्षांची लेणी, लोहगड, १९२४ पासून श्वास आणि मन यांचा अभ्यास करणारे लोणावळ्यातील कैवल्यधाम, यांपैकी काहीच या चौकटीत मावत नाही.

मावळच्या माणसाला भय ठाऊक नव्हते असे नाही. रात्री रान तुडवणाऱ्याला ते ठाऊक असतेच. पण त्याने भयाला जागा नेमून दिली. वेताळ आणि म्हसोबा वेशीवर, मुंजा पिंपळावर. पितरांना भाद्रपदाचा वद्य पक्ष, यमाला धनत्रयोदशीचा दक्षिणेकडे तोंड केलेला दिवा. ज्याचे देणे आहे ते द्यायचे आणि घरी परतायचे. वेशीबाहेरच्याला दिवाणखान्यात आणून बसवणे ही करमणूक त्याला सुचली नाही. आषाढात ओढ्याचा आवाज बदलला की तो काठावरून गुरे मागे घेतो. त्या भयाला परीक्षणाचे गुण नाहीत, पण जीव त्यानेच वाचतो. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याचा जुना पूल इंद्रायणीत कोसळून चौघांचा मृत्यू झाला. गेलेल्यांना बोल लावण्याचा अधिकार कोणालाच नाही, आणि मोडकळीला आलेला पूल हा शासनाच्या हिशेबातला प्रश्न आहे. पण पावसाळी सहलीला निघालेल्या घरांत पाण्याच्या भयाविषयी किती बोलले जाते?

शरदातल्या रात्री जागवण्याची परंपरा येथे आहेच. नवरात्रात कार्ल्याच्या डोंगरावर एकवीरेच्या दर्शनाला रांगा लागतात, कोजागरीला आटीव दूध चांदण्यात ठेवले जाते. भयपट पाहायचाच तर घरच्या वडीलधाऱ्यांसह एखादा पाहावा. २०२४ चा 'मुंज्या' लावावा आणि मुंजा म्हणजे काय, त्याला पिंपळच का, हे आजीला विचारावे. चित्रपटापेक्षा तिचे उत्तर लांबेल. त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला नरकचतुर्दशी होती. तिसावा चित्रपट संपवून बंगल्यात पहाटे डोळे मिटणाऱ्यांच्या घरी त्याच वेळी उटणे कालवले जात होते आणि अभ्यंगस्नानासाठी पाणी तापत होते.