भयाची संहिता आणि समीक्षेचे सोवळे

संगणकीय खेळात वातावरण असते, आशय नसतो. सबब तो समीक्षेचा विषय नव्हे, असे मानणाऱ्यांनी ‘लिंबो’ तपासून पाहावा. कोपनहेगनच्या ‘प्लेडेड’ या छोट्या स्वतंत्र संस्थेने २०१० मध्ये सादर केलेल्या या भयखेळातून निर्मात्यांनी रंग आणि संवाद दोन्ही वगळले. कृष्णधवल धुक्यातून एक मुलगा चालत राहतो. सापळे अंधारात दडलेले असतात आणि पुष्कळदा मरूनच ते उमगतात. म्हणजे अंधार ही येथे सजावट नसून कोड्याचीच सामग्री आहे. ज्या अजस्र कोळ्याने आधी थरकाप उडवला, त्याचाच उरलेला पाय उपटून धड लोटत नेल्यावाचून पुढचा अणकुचीदार सळ्यांचा खड्डा ओलांडता येत नाही. भयानकाचे बीभत्सात रूपांतर होते, आणि तेही आस्वादकाच्याच हातून! रसचर्चेतील सहृदय हा प्रेक्षक असतो, कृत्याचा वाटेकरी नसतो. हा भेद पेलणारी परिभाषा आपण घडवली नसेल, तर ती उणीव समीक्षेची आहे, कलाकृतीची नव्हे. शब्द नाहीत म्हणून अर्थ नाही, असे म्हणणे म्हणजे आपल्या मोजपट्टीच्या लांबीलाच वस्तूची लांबी समजणे होय.