रंगीत पाटी आणि तांबडी शाई

पाटी आणि वही ही दोन साधने भारतीय विद्यार्थ्याच्या दप्तरात दीर्घकाळ शेजारी शेजारी नांदली. पाटी स्वस्त व पुन्हा पुन्हा वापरण्याजोगी. परंतु तिच्यावरील अक्षर ओल्या फडक्याच्या एका फटकाऱ्याने नाहीसे होणारे. वही टिकाऊ, परंतु तिची पाने मोजकी आणि विकत घ्यावी लागणारी. इलेक्ट्रॉनिक कागदाची जी रंगीत पाटी अलीकडे बाजारात आली आहे, ती या दोघींचे गुण एका चौकटीत आणू पाहते. तिच्यावर लेखणीने टिपणे लिहिता येतात, आकृत्या काढता येतात, रंग योजता येतात, लिहिलेले पुसता येते आणि साठवूनही ठेवता येते. हे साधन शाळांनी व सार्वजनिक ग्रंथालयांनी घ्यावे काय, आणि घेतल्यास त्याच्याकडून कोणत्या कामाची अपेक्षा धरावी, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे. कारण या साधनाविषयीची बहुतेक चर्चा रंगांच्या फिकेपणापाशी येऊन थांबते, आणि खरा लाभ व खरा धोका दोन्ही तिच्या दृष्टीआड राहतात.

नावाविषयी एक खुलासा केला पाहिजे. 'ई-पेपर' हा शब्द मराठीत इंटरनेटवर वाचावयाच्या वृत्तपत्राला रूढ होऊन बसला आहे. येथे तो अर्थ अभिप्रेत नाही. स्वतः प्रकाश न टाकता, छापील पानाप्रमाणे सभोवतीच्या उजेडावर दिसणारा जो पृष्ठभाग, त्याला येथे इलेक्ट्रॉनिक कागद म्हटले आहे.

या कागदामागील तत्त्व जुने आहे. द्रवात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांवर विद्युत्भार असेल, तर विद्युत्क्षेत्र लावताच ते कण एका बाजूला सरकू लागतात. हा आविष्कार १८०७ साली मॉस्को येथे रॉइस याने मातीचे कण व पाणी घेऊन पाहिला होता. त्याचा उपयोग करून अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील जोसेफ जेकबसन आणि त्यांचे सहकारी यांनी १९९८ साली 'नेचर' या नियतकालिकात एका नव्या शाईचे वर्णन प्रसिद्ध केले. अत्यंत सूक्ष्म कुप्यांत द्रव भरावयाचा, त्यात भारित कण सोडावयाचे, आणि विद्युत्क्षेत्राच्या साहाय्याने ते कुपीच्या माथ्यावर अथवा तळाशी न्यावयाचे, अशी ही योजना होती. पुढे रूढ झालेल्या कृष्णधवल कागदात पांढरे व काळे कण परस्परविरुद्ध भाराचे असतात. पांढरे वर आले की तेथे कोरा कागद दिसतो, काळे वर आले की शाई दिसते. यातील मर्माची गोष्ट अशी, की कण एकदा जागी बसले म्हणजे प्रवाह बंद केला तरी ते तेथेच राहतात. पान दाखवीत राहण्यास वीज लागत नाही. ती लागते पान बदलण्यास. २००४ साली जपानमध्ये सोनी कंपनीने आणि २००७ साली अमेरिकेत ॲमेझॉन कंपनीने या कागदाची वाचनयंत्रे विक्रीस आणली. त्यांत रंग नव्हता.

रंग आणणे हे काम अवघड ठरले, आणि त्याचे दोन मार्ग आज प्रचलित आहेत. पहिल्या मार्गात काळ्या-पांढऱ्या कागदावर तांबड्या, हिरव्या व निळ्या गाळण्यांची बारीक जाळी बसवितात. २०२२ साली जाहीर झालेल्या 'कॅलिडो ३' या प्रकारच्या कागदावर काळे अक्षर इंचाला ३०० बिंदू इतके रेखीव उमटते, परंतु रंगीत रेघेला १५० बिंदूंवर समाधान मानावे लागते. एकूण छटा ४,०९६. प्रत्येक गाळणी आपल्या रंगाखेरीज इतर प्रकाश अडविते, म्हणून कोरे पानही किंचित मळकट भासते. दुसऱ्या मार्गात गाळणी नाही. तेथे एकाच द्रवात पांढरे, पिवळे, निळसर व किरमिजी असे चार जातींचे कण असतात, आणि विद्युत्दाबाच्या निरनिराळ्या स्पंदांनी हवे ते कण वर आणले जातात. हा रंग कागदावरील शाईच्या अधिक जवळचा आहे. मात्र त्याला वेळ लागतो. या जातीच्या 'गॅलरी ३' कागदाला पूर्ण रंगांचे उत्तम चित्र उमटविण्यास सुमारे दीड सेकंद लागतो, असे उत्पादकांनीच सांगितले आहे. लेखनासाठी बनविलेल्या काही यंत्रांत म्हणून रेघ प्रथम काळसर उमटते आणि लेखणी उचलल्यावर क्षणभराने तिचा नेमलेला रंग प्रकट होतो. सवय नसलेल्यास हे चमत्कारिक वाटते.

फिके रंग, मळकट पांढरेपणा, मंद गती ही सर्व न्यूने खरी आहेत. ज्याला जलरंगांचा ओघ अथवा मुखचित्रणातील त्वचेच्या छटा हव्या आहेत, त्याने या पाटीच्या वाटेस जाऊ नये. त्याला प्रकाशमान पडद्याचे साधन किंवा साधा कागद व कुंचला अधिक उपकारक होईल. परंतु टिपणवहीतील रंगाचे काम निराळे असते, आणि चित्रकाराचा मापदंड तिला लावणे योग्य नव्हे. शरीरशास्त्राच्या वहीत रोहिणी तांबडी आणि नीला निळी रंगवितात. प्रत्यक्षात नीलेतील रक्त निळे नसते, ते गडद तांबडेच असते. भूशास्त्राच्या नकाशात ज्या रंगाने एखादा खडक दाखवितात, तो रंग त्या खडकाचा असतोच असे नाही. विज्ञानाच्या आकृतीतील रंग ही वस्तूची नक्कल नसून एक खूण आहे. ही रेघ त्या रेघेहून वेगळी, एवढेच तिला सांगावयाचे असते. त्यासाठी चार-पाच रंग एकमेकांपासून स्पष्ट ओळखता आले म्हणजे पुरे. आजचा रंगीत इलेक्ट्रॉनिक कागद एवढे काम चांगले करतो, आणि दुपारच्या उन्हात, जेथे चकचकीत पडदा आंधळा होतो, तेथेही करतो. सहलीवर वनस्पतींची रेखाटने करणाऱ्या विद्यार्थ्याला ही सोय लहान नव्हे.

परंतु रंगाचा याहूनही मोठा उपयोग आहे, आणि तो समजण्यास श्रीनिवास रामानुजन यांचे उदाहरण घ्यावे. कागद परवडत नसल्यामुळे ते आपली आकडेमोड पाटीवर करीत, कोपराने पुशीत, आणि हाती आलेला निष्कर्ष तेवढा वहीत उतरवीत. लिहून झालेल्या कागदावरच पुन्हा तांबड्या शाईने लिहून ते कागद वाचवीत असत, असेही चरित्रकार सांगतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने त्यांच्या वह्या १९५७ साली यथामूल स्वरूपात दोन खंडांत प्रसिद्ध केल्या. त्या वह्यांत सिद्धांत आहेत. सिद्धता बहुतेक ठिकाणी नाही. ती पाटीवर होती. अमेरिकन गणिती ब्रूस बर्न्ट यांनी त्या वह्यांतील विधानांच्या सिद्धता देणारे पाच ग्रंथ प्रसिद्ध केले; त्यांतील पहिला १९८५ चा आणि शेवटचा १९९८ चा आहे. रामानुजन यांनी सर्वच सिद्धता पूर्णपणे मांडल्या असतील असे नाही. परंतु त्यांची विचारसरणी कोणत्या वाटेने गेली हे सांगणारा जो पुरावा होता, तो कोपराखाली गेला.

इलेक्ट्रॉनिक पाटी येथे दोन्ही दिशांनी नेऊ शकते. तिला पानांची टंचाई नाही, म्हणून पुसण्याचे कारणच उरत नाही. आणि तरीही पुसणे तिच्यावर इतके सोपे आहे, की हाताला तीच सवय लागते. लेखणीचे मागचे टोक फिरविले किंवा बोटाने खूण केली, की चुकलेली ओळ मागमूस न ठेवता जाते. कागदावर खाडाखोड दिसते. येथे ती दिसत नाही. प्रयोगवहीत चुकलेले निरीक्षण खोडू नये, त्यावर एकच आडवी रेघ मारून शेजारी नवे लिहावे, असा दंडक चांगले शिक्षक घालून देतात. चुकीचा आकडाही पुढे उपयोगी पडतो, हे त्यामागील कारण आहे. या दंडकाचे पालन रंगामुळे सुकर होते. प्रथम जे सुचले ते काळ्या शाईने लिहावे, दुरुस्ती तांबडीने करावी, महिनाभराने सुचलेली शंका निळीने मांडावी. असे पान पाहिले म्हणजे विचार कोणत्या क्रमाने पुढे गेला हे वाचता येते. कृष्णधवल पाटीवर हे साधत नाही. तेथे दुरुस्ती आणि मूळ मजकूर एकमेकांत मिसळून जातात. रंगासाठी अधिक पैसे मोजावे की नाही, या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर येथे आहे, आणि ते छटांच्या संख्येवर मुळीच अवलंबून नाही.

हाताने लिहिण्याचाच आग्रह का, अशी शंका कोणी घेईल. भारतीय वर्गातील टिपण कसे असते ते पाहावे. मराठी वाक्य, त्यात एखादे ग्रीक अक्षर, मध्येच अपूर्णांक, शेजारी मंडलाची आकृती. कळफलकावर यांतील प्रत्येक पायरीला वेगळी खटपट पडते. हात मात्र देवनागरीतून ग्रीकमध्ये आणि अक्षरातून आकृतीत विनासायास जातो. नॉर्वेमधील ३६ विद्यार्थ्यांवरील एक प्रयोग २०२४ साली प्रसिद्ध झाला. लेखणीने पडद्यावर शब्द लिहिताना मेंदूच्या विविध भागांतील संपर्क कळा दाबताना दिसणाऱ्या संपर्कापेक्षा पुष्कळ व्यापक असल्याचे त्यात आढळले. हा निष्कर्ष फार ताणू नये: कळा एकाच बोटाने दाबावयाच्या होत्या, आणि प्रयोगात स्मरण मोजलेले नव्हते. तथापि लेखन तेथे कागदावर नव्हे तर पडद्यावरच झाले होते, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ध्यानात घेण्याजोगी आहे.

आता धोक्याकडे वळावे. कागदाची वही कपाटात पडून राहिली तरी पन्नास वर्षांनी वाचता येते. तिला कोणाची परवानगी लागत नाही. पाटीतील पाने मात्र बहुधा उत्पादकाने ठरविलेल्या खास स्वरूपात साठविली जातात, आणि काही सोयींसाठी दरमहा वर्गणी द्यावी लागते. कंपनी बंद पडली, किंवा तिने जुन्या यंत्रांकडे लक्ष देणे सोडले, तर त्या पानांचे काय होणार? पीडीएफसारख्या सर्वत्र उघडता येणाऱ्या स्वरूपात रंगांसह सर्व पाने बाहेर काढण्याची सोय, आणि तीही वर्गणीवाचून, ही खरेदीची पहिली अट असली पाहिजे. पडद्याची चमक अथवा यंत्राचा सडपातळपणा यांची चौकशी त्यानंतर करावी. दुर्दैवाने जाहिरातींत हा क्रम उलटा असतो.

किंमत हा अडसर आहेच. 'रीमार्केबल' कंपनीची रंगीत लेखनपाटी २०२४ साली अमेरिकेत ५७९ डॉलरांना विक्रीस आली. त्या वेळच्या दराने हे सुमारे ४८ हजार रुपये होतात. एवढ्या रकमेत एका शाळेच्या कित्येक वर्गांना वर्षभर वह्या पुरविता येतील. प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती ही पाटी देण्याची भाषा म्हणूनच आज अवास्तव आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत एक आणि ग्रंथालयाच्या संदर्भकक्षात एक, इतपत प्रारंभ मात्र करता येईल. प्रयोगशाळेतील पाटीवर वर्गाची सामाईक निरीक्षणवही ठेवावी, आणि दुरुस्त्यांचा रंग वर्षारंभी ठरवून टाकावा. संदर्भकक्षात दुर्मीळ ग्रंथ, ज्यांवर शाई सांडण्याच्या भीतीने फक्त शिसपेन्सिल चालते, ते समोर ठेवून वाचकाला आपली रंगीत टिपणे या पाटीवर करता येतील. तेथे एक दक्षता आवश्यक आहे. एका वाचकाची पाने दुसऱ्याच्या दृष्टीस पडता कामा नयेत. सायंकाळी कक्ष बंद होण्यापूर्वी ग्रंथपालाने ती ज्याची त्याला पाठवून किंवा छापून द्यावीत, मिळाल्याची सही घ्यावी, आणि मगच पाटी कोरी करावी.