शेरूला अजून शिकायचंय

गेल्या हिवाळ्यात आमच्या घरात एक निर्णय झाला. आमचा लॅब्राडोर, शेरू, अकरा वर्षांचा झाला होता. सकाळी उठताना मागचे पाय ओढायचा. "म्हातारा झाला तो, आता कशाला दमवायचं? पडू दे निवांत," असं आमचे हे म्हणाले आणि मीही मान डोलावली. बाहेर शिकागोची थंडी, फुटपाथवर मीठ टाकलेलं, आमचेही गुडघे कुरकुरणारे. खरं सांगायचं तर निवांतपणा शेरूपेक्षा आम्हालाच हवा होता.

मार्चपर्यंत त्याचं वजन नऊ पौंडांनी वाढलं. जिना बंद झाला. रात्री दोन वाजता उठून घरभर येरझाऱ्या घालायचा. लेक कॉलेजातून सुट्टीला आला आणि त्याच्याकडे बघून म्हणाला, "आई, याला काय केलंत तुम्ही?" तो प्रश्न मला फार लागला.

डॉक्टरांनी तपासलं, दुखण्यावर औषध दिलं आणि स्पष्टच सांगितलं, सांधे झिजलेत, पण पडून राहिल्याने ते आणखी आखडतात. लांब एक फेरी नको, छोट्या तीन-चार फेऱ्या हव्यात. आणि वजन उतरवा. अमेरिकेत ४८ लॅब्राडोरांवर झालेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्या कुत्र्यांना आयुष्यभर पाव हिस्सा कमी खायला दिलं होतं. ती सरासरी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांना संधिवाताचा त्रासही उशिरा सुरू झाला. हे ऐकल्यावर पोळीचा तुकडा हळूच टेबलाखाली सरकवणारे माझे हात मीच आवरले.

मंडळात आता बऱ्याच घरी कुत्री आहेत, म्हणून वयाप्रमाणे थोडं लिहिते.

पिल्लू घरी आणलं की आपण उत्साहाने त्याला जॉगिंगला नेतो. तसं करू नका. वाढत्या हाडांची टोकं कच्ची असतात. मोठ्या जातींत ती पक्की व्हायला दीड वर्षसुद्धा लागतं. उंच गाडीतून उडी मारू देऊ नका, उचलून खाली ठेवा. मात्र जगाची ओळख लवकर करून द्यायला हवी. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात जे दिसतं, ऐकू येतं, त्याची भीती पुढे कमी वाटते. लसी पूर्ण होईपर्यंत कडेवर घेऊन हिंडवा. कुकरची शिट्टी, मिक्सर, आरतीच्या टाळ्या, साडी नेसलेल्या मावश्या, सगळं दाखवा.

तरण्या कुत्र्याबद्दल आपला ठरलेला युक्तिवाद असतो, "एवढं मोठं बॅकयार्ड आहे की!" पण कुत्रं एकटं बॅकयार्डमध्ये व्यायाम करत नाही, दाराशी येऊन बसतं. त्याला तुमची सोबत हवी आणि नाकाला काम हवं. फिरताना ते झाडापाशी थांबलं की आपण "चल, चल" करून ओढतो. गावच्या पारावर बसलेल्या आजोबांना बातम्या ऐकू न देता घरी ओढून नेण्यासारखंच ते. रोज दहा मिनिटं तरी त्याला हवं तिथे, हवं तेवढं हुंगू द्या. त्याने डोकं दमतं, आणि डोकं दमलेलं कुत्रं सोफा कुरतडत नाही.

कुत्र्याचं डोकं किती चालतं? साउथ कॅरोलिनातल्या जॉन पिली नावाच्या निवृत्त प्राध्यापकांनी चेसर या बॉर्डर कोलीला १,०२२ खेळण्यांची नावं शिकवली. तिला शिकवायला लागले तेव्हा त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली होती. रोज चार-पाच तास ते तिच्यासोबत बसत. या कथेत जास्त तरतरीत कोण राहिलं, असा प्रश्न मला पडतो.

आम्ही ते वाचून अकरा वर्षांच्या शेरूला "शोध" शिकवायला घेतलं. जुना टॉवेल घ्यायचा, त्यात गाजराचे तुकडे आणि त्याच्याच जेवणातले चार दाणे ठेवायचे, गुंडाळी करायची आणि म्हणायचं, "शोध!" पहिल्या दिवशी तो नुसता आमच्या तोंडाकडे बघत बसला. आठवड्याने टॉवेल उलगडायला शिकला. आता आम्ही तुकडे खोलीभर लपवतो. गुळगुळीत लाकडी फरशीवर पाय घसरतात म्हणून जुन्या सतरंज्या अंथरल्या. नखं वेळेवर कापतो. बर्फातून आल्यावर पंजे कोमट पाण्याने धुतो, कारण मिठाने ते भाजतात आणि चाटलं तर पोटात जातं.

फराळाच्या दिवसांत एक विनंती. चिवड्यातले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात. चॉकलेट, कांदा, लसूण आणि शुगर-फ्री गोळ्यांतलं झायलिटॉल हेही विषच. पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा. "एवढ्याशाने काय होतंय" म्हणणारे एक काका प्रत्येक घरी असतात.

शेरू बरा झाला, असं मी म्हणणार नाही. म्हातारपण बरं होत नाही. पण सात पौंड उतरले, पोर्चच्या तीन पायऱ्या तो स्वतः चढतो आणि बहुतेक रात्री सलग झोपतो. त्याच्यामुळे आम्हीही दिवसातून चारदा घराबाहेर पडतो. माझ्या गुडघ्यांची कुरकुर थोडी कमी झाली आहे, हे आमच्या ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

राहिला एक घोळ. लहानपणी आम्ही त्याला "बस" हा शब्द मराठीत शिकवला. गेल्या महिन्यात घरी जेवायला माणसं होती. मी आग्रहाने श्रीखंड वाढत होते आणि पाहुणे म्हणाले, "बस, बस!" कोपऱ्यातून शेरू उठला, सावकाश टेबलापाशी आला आणि दुखरे पाय सांभाळत, दोनदा सांगितलं म्हणून दोनदा बसला.

त्याला गाजर मिळालं. श्रीखंड नाही.