टर्बो सीला लिनक्सवर नेऊ नका!

विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. जुना लॅपटॉप भंगारात काढण्यापेक्षा लिनक्स टाकताय? मस्तच! पण लगेच ‘आता टर्बो सी कसं चालवू?’ असं विचारू नका. डॉसबॉक्समध्ये ते चालेल हो, पण कशाला? टर्बो सी आणि जीसीसी, दोन्ही कंपायलर १९८७चे. टर्बो सी कधीच थांबलं. जीसीसी आजही अपडेट होतंय. त्यात ‘कोनिओ’ हेडर नाही, म्हणून जुना प्रोग्रॅम अडेल. अडू दे! त्यातूनच स्टँडर्ड सी कळेल. शिकायला जीनी एडिटर, जीसीसी आणि चुका शोधायला जीडीबी पुरे. जड आयडीई नंतर बघू. कॉलेजच्या लॅबनेही हे मनावर घ्यावं. प्रॅक्टिकलचे मार्क टर्बोवर मिळतीलही, पण कॅम्पसबाहेर त्याला कोण विचारतंय?